दीड कागद

मंगळवार, दुपार

प्रिय ढापण्या,

तुझं पत्र येऊन आज बारा दिवस झाले. उत्तराला उशीर झाला म्हणून तू मनातल्या मनात शिव्या घातल्या असशील, त्या पोचल्या असं समज. फोन करता आला असता. दोनदा लावलाही, आणि तू उचलायच्या आत ठेवून दिला. बोलताना मी घसरतो, हे तुला माहीत आहे. समोरचा नुसतं ‘जाऊ दे रे’ म्हणाला की मी लगेच जाऊ देतो. कागदावर ते जमत नाही. म्हणून हे पत्र आधी कच्चं लिहून काढलं आणि आता पक्कं लिहायला बसलोय. आठवीत शाळा सुटलेल्या माणसाच्या लिहिण्यात चूक निघाली तर लोक चालायचंच म्हणतात, पण काकूंनी मला ती सवलत कधी दिली नाही. छापखान्यातून तुझ्या आईकडे तपासायला प्रुफं आली की तू कॅमेरा घेऊन मागच्या दाराने पसार व्हायचास आणि मी सापडायचो. मी मूळ प्रत मोठ्याने वाचायची आणि त्यांनी प्रुफावर पेन्सिल फिरवायची. मी एखादा शब्द गिळला की त्या खुर्चीत पुढे झुकायच्या, चष्म्याच्या वरून माझ्याकडे बघायच्या आणि म्हणायच्या, “पुन्हा वाच.” रागावून नाही, पण सोडूनही द्यायच्या नाहीत. जी काही शुद्ध भाषा मला लिहिता येते ती त्या दोन शब्दांमुळे येते.

आधी इकडच्या बातम्या सांगतो. उस्तादांच्या दुसऱ्या डोळ्याचंही ऑपरेशन झालं. आता त्यांना दोन्ही डोळ्यांनी लख्ख दिसतं आणि त्यामुळे आमची पंचाईत झाली आहे. कॅमेरा-दुरुस्तीच्या या दुकानातली तीस वर्षांची धूळ त्यांना एकदम दिसायला लागली. ‘हे दुकान इतकं घाण होतं आणि तुम्ही मला सांगितलं नाहीत?’ असं ते गिऱ्हाइकांनाच खडसावतात. मोतीबिंदूच्या काळात त्यांनी बोटांनी चाचपून जी कामं केली ती मात्र आताही उघडून बघितली तर बिनचूक निघतात. शेजारचं कागदाचं दुकान बंद झालं. मागच्या आठवड्यात एका घरून खोकं आलं, त्यात अकरा सोव्हिएत लेन्स, जुन्या वर्तमानपत्रात गुंडाळलेल्या. तोच तो वाळलेल्या ग्रीसचा वास. तू असतास तर खोक्यात नाक खुपसून ओरडला असतास, “ट्रॅक्टर आला रे, ट्रॅक्टर!” उस्तादांनी माझ्याकडे बघितलं आणि तुझं नाव न घेता म्हणाले, “तो असता तर आज काम झालं नसतं.”

तू लिहिलंस की गोदामातली नोकरी बरी आहे, मालाच्या पेट्या मोजताना डोळ्यांवर ताण येत नाही, आणि स्टुडिओवाल्यांनी तिसऱ्यांदा विचारलं तरी महिनाअखेरीला नाही म्हणूनच कळवणार आहेस. कारणही तू लिहिलंस. ज्याला हातभर अंतरावरचं माणूस धड टिपता येत नाही त्याने दुसऱ्याच्या स्टुडिओचं नाव कशाला बुडवावं? ढापण्या, महिनाअखेरीला अजून नऊ दिवस आहेत. माझं पत्र तीन दिवसांत पोचतं. हा हिशेब मी का करतोय ते पुढे कळेल. तोवर एवढंच कर, त्यांना अजून काही कळवू नकोस.

आता त्या रविवारच्या जुन्या बाजाराची गोष्ट. तुला ती पाठ आहे, पण एक तुकडा तुला माहीत नाही. काकूंना दवाखान्यातून घरी आणलं त्याच आठवड्यातली. फ्लॅशचा उजेड त्यांना सहन होत नव्हता. तुला त्यांचे फोटो खिडकीशी, त्यांच्याच खुर्चीत, प्रुफं तपासताना हवे होते आणि तुझ्या झोर्की कॅमेऱ्यावरची जुनी लेन्स तेवढ्या उजेडात आंधळी होती. म्हणून ज्युपिटर-तीन. दीडचं भोक, म्हणजे दुसऱ्या लेन्सला जिथे मेणबत्ती लागेल तिथे हिला खिडकी पुरेल. बाजारात तिसऱ्या ओळीतल्या त्या पावशेरी चेहऱ्याच्या माणसाकडे ती सापडली, कुलपं आणि नळाच्या तोट्यांच्या मध्ये. मी ऐटीत आकडा वाचून दाखवला. पहिले दोन अंक पाच आणि सहा, म्हणजे छप्पन सालची. रिंग फिरवली, भोकाच्या पात्यांवर तेल नाही हे दाखवलं, पेच तपासले. मग तू विचारलंस, “आत काच कशी आहे?” लेन्सच्या मागून टॉर्च मारून आत बघितल्याशिवाय जुनी काच घ्यायची नाही, हे मीच तुला शिकवलं होतं. मी खिशातून टॉर्च काढली आणि तिचा सेल मेलेला होता. आदल्या दिवशी मी तो तपासला नव्हता. मी, जो दुकानाचं कुलूप तीनदा ओढून बघतो! तो विक्रेता हसत होता. तू माझ्या तोंडाकडे बघत होतास, तू म्हणशील ती पूर्व दिशा असं तोंड करून. मी टॉर्च तशीच लेन्सच्या मागे धरली, पेटल्यासारखी, आकाशाकडे तोंड करून एक डोळा मिटला आणि म्हणालो, “स्वच्छ आहे. डोळे झाकून घे.” तू खरंच डोळे झाकून घेतलीस.

सोमवारी मी ती दुकानात साफ करायला उघडली. दुपारची वेळ होती. उस्ताद त्यांचा पहिला डोळा दाखवायला गेले होते. टेबलावर आणखी एक ज्युपिटर-तीन होती, सत्तावन्न सालची, पुलवाल्या साहेबांची. ते रिटायर झालेले इंजिनियर, आयुष्यभर पूल बांधले आणि आता पुलांचेच फोटो काढत फिरतात. त्यांची रिंग जड झाली होती, जुनं ग्रीस काढून नवं भरायचं होतं. उस्तादांचा नियम तुला माहीत आहे. एका टेबलावर एकच लेन्स उघडी. त्यांचं म्हणणं, दोन उघड्या लेन्स म्हणजे एका वर्गातले जुळे, हजेरी एकाची लागते आणि मार दुसऱ्याला बसतो. त्या दुपारी माझ्या टेबलावर दोन उघड्या होत्या आणि त्यांच्या चकत्यांची गफलत झाली.

चकती म्हणजे काय ते मी तुला कधी नीट सांगितलं नाही, कारण त्या दिवसानंतर त्या विषयाजवळ मी जाऊच शकलो नाही. आता सांगतो. या लेन्सचे दोन भाग असतात. आत काचांचा गड्डा, आणि बाहेर पेचांची नळी, जी फिरवून आपण अंतर जुळवतो. दोघांच्या मध्ये वॉशरसारखी एक पितळेची चकती बसते. कारखान्यातल्या माणसाने त्या गड्ड्यासाठी आणि त्या नळीसाठी ती मोजून घासलेली असते. एकाची दुसऱ्याला चालत नाही. चकती पाहिजे त्यापेक्षा जाड असली की गड्डा थोडा पुढे राहतो आणि लेन्स आपण सांगू त्याच्या अलीकडे बघते. आणि तुझ्या कॅमेऱ्यात लेन्समधून बघताच येत नाही. वेगळ्या खिडकीतून बघायचं, दोन प्रतिमा सरकवत सरकवत एकमेकींवर बसवायच्या आणि नेम लागला असं धरून चालायचं. खिडकीत नेम बरोबर दिसतो. लेन्स काय करते आहे ते फिल्म धुतल्यावरच कळतं. तुझ्या लेन्समध्ये चकती पंधरा शतांश मिलिमीटरने जाड होती. मी नंतर तीनदा मोजली. म्हणजे काकूंच्या प्रुफाचे दीड कागद एकावर एक ठेवले तर होईल तेवढी. एवढ्याशा जाडीने एक मीटरवर नेम तीन बोटं चुकतो.

बाहेर उन्हात भोक बारीक करून काढलेले फोटो चांगले यायचे, कारण तिथे तीन बोटांनी काही बिघडत नाही. तू पायरीवर बसवून काढलेला माझा फोटो बघ, पापण्या मोजता येतात. खोलीत खिडकीशी भोक पूर्ण उघडलंस की काकू धूसर यायच्या. पहिला रोल तू हसण्यावारी नेलास. दुसऱ्यानंतर चष्म्याचा नंबर तपासून आलास. तिसऱ्यानंतर नवा चष्मा केलास. काकू तेव्हाही म्हणाल्या, “अरे, मी आता धूसरच दिसणार. तू उगाच त्या चष्मेवाल्याचं घर भरू नकोस.” आपण तिघंही हसलो होतो. तू चौथ्या रोलला कॅमेरा स्टँडवर लावलास, श्वास धरलास, तरी तेच. मग तू काकूंच्या देखत स्वतःच्या डोळ्यांना शिव्या द्यायला लागलास, आणि त्या तुला नजरेने गप्प करायच्या. मी तिथेच वेताच्या मोड्यावर बसलेला असायचो, मांडीवर मूळ प्रत घेऊन.

वर मी लिहिलं आहे की चकत्यांची गफलत झाली. कच्च्या प्रतीतही तसंच लिहिलं होतं. आत्ता ते वाक्य पक्क्या कागदावर उतरवलं, मग उठून पाणी प्यायलो, परत येऊन वाचलं. काकू असत्या तर पुढे झुकल्या असत्या. तेव्हा पुन्हा लिहितो. गफलत झाली नाही. त्या सोमवारी तुझी लेन्स उघडल्यावर मागच्या काचेवर मला बुरशीची जाळी दिसली, कोळ्याच्या घरासारखी. पुसली तर ती गेली, पण काचेवर तिचा व्रण राहिला, आणि शेजारी एक लांब ओरखडा. बाजारात टॉर्च पेटली असती तर पहिल्या सेकंदाला दिसलं असतं. मला तुला फक्त फोन करायचा होता की बाबा, माझी चूक झाली, चल परत देऊन येऊ. पण तू दोन तास आधी दुकानात येऊन उस्तादांना म्हणाला होतास, “याची नजर म्हणजे एक्स-रे आहे, काचेच्या पोटातलं ओळखतो.” आणि उस्ताद, जे महिन्यातून एकदाही कौतुक करत नाहीत, ते म्हणाले होते, “शिकेल.” त्या एका शब्दावर मी दोन तास हवेत होतो. मी पुलवाल्या साहेबांची लेन्स उघडली. त्यांची काच नुकत्याच धुतलेल्या खिडकीसारखी होती. मी मनाशी म्हटलं, यांना तर भर उन्हात पूल टिपायचे, पुलांना काय कळतंय? त्यांचा गड्डा काढून तुझ्या नळीत घातला आणि तुझा त्यांच्या. पुढची नावाची रिंगसुद्धा बदलली, म्हणजे आकडा ज्याचा त्याच्या लेन्सवर राहील. काळजीपूर्वक काम म्हणतोस ना तू माझं? एवढं काळजीपूर्वक काम मी त्याआधी कधी केलं नव्हतं. फक्त चकत्या ज्या त्या नळीत चिकटलेल्या तशाच राहिल्या. ग्रीसने धरून ठेवल्या होत्या. दाराशी उस्तादांची काठी वाजली आणि मी घाईघाईने दोन्ही बंद केल्या.

मी ते तुझ्यासाठी केलं असं मी स्वतःला खूप दिवस सांगितलं. काकूंसाठी केलं असंही सांगून बघितलं. ढापण्या, मी ते माझ्या टॉर्चसाठी केलं.

आणि अजून एक आहे. हे लिहायला मला अर्धा तास लागला, मध्ये टेबल पुसलं, पेनात शाई भरली, जी भरलेलीच होती. काकू गेल्या त्याच्या बरोबर बावीस दिवस आधी तू पाचव्या रोलचे प्रिंट घेऊन दुकानात आला होतास. काउंटरवर पत्त्यांसारखे पसरलेस. त्यात एक होता. काकू प्रुफावर विचार करतायत आणि पेन्सिल ओठांशी टेकलेली, टोक कॅमेऱ्याकडे. चेहरा दुधातून बघितल्यासारखा, पण पेन्सिलीचं टोक इतकं धारदार की चाकूने तासल्याचे कंगोरे मोजता येत होते. मी मोजले, सात होते. तू म्हणालास, “बघ ना, मी डोळ्यांवर नेम धरला आणि आली पेन्सिल. माझंच काहीतरी फिरलंय.” मला त्या क्षणी सगळं कळलं. नेम रोज तेवढाच चुकतो, तीन बोटं, नेहमी अलीकडे. हात हलला तर सगळंच हलतं. नजर चुकली तर कधी अलीकडे, कधी पलीकडे. दर वेळी तेवढंच आणि त्याच बाजूला चुकते ती चकती. लेन्स तुझ्या गळ्यात होती. ती माझ्या हातात दिली असतीस तर एका तासाचं काम होतं. पण उस्ताद पलीकडेच बसले होते, त्यांच्या नव्या डोळ्यासह, आणि ती उघडली असती तर आतला गड्डा त्यांनी ओळखला असता. प्रत्येक गड्ड्याच्या कडेला ते सुईने बारीक खूण करतात. मी प्रिंट हातात घेऊन म्हणालो, “उजेड कमी पडतोय रे. आणि तूही थकलायस. हात हलत असेल.” तू मान डोलावलीस. तू माझ्यावर विश्वास ठेवलास आणि स्वतःवरचा काढून घेतलास, माझ्या डोळ्यांदेखत, काउंटरशी उभा राहून. बावीस दिवस होते. मी रोज सकाळी ठरवायचो की आज दुपारी सांगू. रोज दुपारी काकूंकडे यायचो, प्रत वाचायचो, एकही शब्द गिळायचो नाही. त्या एकदा म्हणाल्याही, “हल्ली तू फार शुद्ध वाचतोस. काही झालंय का?” मी नाही म्हणालो.

त्यानंतरचं तुला माहीत आहे. तू बाहेरगावी नोकरी घेतलीस, कॅमेरा आणि लेन्स माझ्याकडे टाकलीस, आणि निगेटिव्हचा तो पत्र्याचा डबा माझ्या हातात देऊन म्हणालास, “जाळ, नाहीतर ठेव, मला मात्र दाखवू नकोस.” मी डबा कपाटात सर्वांत वरच्या फळीवर ठेवला आणि लेन्स ड्रॉवरमध्ये. ड्रॉवरला कुलूप घातलं. चोराच्या मनात चांदणं म्हणतात. माझ्या मनात तो ड्रॉवर होता.

पाच आठवड्यांपूर्वी पुलवाले साहेब आले. त्यांना नात झाली आहे, पुलांवरून त्यांचं लक्ष उडालं. खिडकीशी नातीचे फोटो काढले तर डोळे धूसर आणि मागचे कान स्पष्ट. काउंटरवर फोटो आपटून म्हणाले, “एवढे स्पष्ट कान काय करू? अजून तिला माझं बोलणं कळतही नाही!” मी हात पुढे करायच्या आत उस्तादांनी लेन्स उचलली. माझ्यादेखत उघडली. गड्ड्याच्या कडेला स्वतःची खूण शोधली, ती नव्हती. मग मागची काच उजेडात धरली, व्रण बघितला. मग चष्मा कपाळावर सरकवून, दोन्ही नव्या डोळ्यांनी माझ्याकडे बघितलं. साहेब गेल्यावर मी सगळं सांगितलं. मला वाटलं मारतील, निदान हाकलतील. ते बराच वेळ पितळेची चकती बोटांत फिरवत बसले आणि म्हणाले, “चोर तर चोर, तोही अर्धवट. गड्डा नेलास, चकती विसरलास.” एवढंच. त्या दिवसापासून मी टेबलावर बसत नाही, फळ्या पुसतो आणि पार्सलं बांधतो. कधी बसायचं ते त्यांनी सांगितलेलं नाही आणि मी विचारलेलं नाही. साहेबांच्या घरी मी एकटा गेलो. त्यांनी ऐकून घेतलं, नात मांडीवर होती म्हणून आवाज चढवला नाही. म्हणाले, “माझी काच मला परत आण. आणि पुन्हा माझ्या दारात येऊ नकोस.” दोन्ही गोष्टी मी पाळल्या. तुझ्या लेन्समध्ये आता तुझाच गड्डा आहे, व्रणासकट, ओरखड्यासकट, आणि तुझीच चकती. त्यासाठी उस्तादांनी मला तासभर टेबल दिलं आणि शेजारी उभे राहिले. उजेडाकडे तोंड केलंस तर ती थोडी धुरकट दाखवील, ते तिच्या अंगचंच आहे. पण नेम जिथे धरशील तिथेच लागेल. मी एक मीटरवर पट्टी ठेवून अठरा वेळा तपासला. पार्सल उद्या निघेल, कॅमेऱ्यासकट. नको असेल तर परत पाठव, मला राग येणार नाही. राग यायचा हक्कच मला नाही.

आता या पत्राचं कारण. उस्तादांना कळलं, साहेबांना कळलं, तेव्हाही मी तुला लिहिलं नव्हतं. तीन आठवडे ‘आज दुपारी’ चालू होतं. मग तुझं पत्र आलं. त्यात स्टुडिओच्या नकाराच्या खाली तू एक ओळ लिहिली आहेस. लिहिलं आहेस की आईचा चेहरा आठवायला हल्ली डोळे मिटावे लागतात, कारण फोटो बघितला की उलट तो पुसट होत जातो. ती ओळ वाचून मी फळीवरचा डबा काढला. पाच रोल तू बघितले होतेस. सहावा तू धुतलास, पण कधी उजेडात धरला नाहीस, गुंडाळी तशीच होती. पस्तीस फोटो तसेच, पेन्सिल, प्रुफाची कड, खुर्चीच्या हाताची पुढची बाजू, सगळं तीन बोटं अलीकडे. छत्तिसाव्यात पेन्सिल धूसर आहे. तू डोळ्यांवर नेम धरलास, आणि बटण दाबायच्या आधीच्या अर्ध्या क्षणात काकू खुर्चीत पुढे झुकल्या, बरोबर तेवढ्याच. चष्म्याच्या वरून तुझ्याकडे बघतायत. डोळ्यांच्या कडेच्या सुरकुत्या दिसतात, भुवईतला तो एक पांढरा केस दिसतो, ओठ उघडलेले आहेत. मी नुसता तो फोटो पाठवून दिला असता तर तू मला आभाराचं पत्र लिहिलं असतंस, आणि ते मी घेतलं असतं, मी स्वतःला ओळखतो. म्हणून आधी हे पत्र, आणि फोटो याच्या मागच्या पानात, पातळ कागदात गुंडाळलेला. तुझ्या डोळ्यांत काही बिघाड नव्हता, ढापण्या. तुझा हात हलला नव्हता. छत्तीसच्या छत्तीस वेळा तू बरोबर होतास. मला क्षमा कर असं लिहायचं होतं, पण ते तू हे सगळं वाचल्यावर, आणि तुला वाटलं तरच. त्या वेळी मी दुकानात होतो. काकू पुढे झुकून तुला काय म्हणत होत्या ते मला माहीत नाही. तुला माहीत असेल.

तुझाच, अजून ते म्हणवून घेता येत असेल तर,
चिमट्या